सहाव्या भागात आई येते का

आमच्या घरातली मुलगी जेवताना डाव्या हातात पुस्तक धरून वाचायला लागली, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं. दुसऱ्या एखाद्या बाईला आनंद झाला असता. शेजारची पोरं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत आणि आपली पुस्तक वाचते, म्हणून तिने चार घरी सांगितलं असतं. मी कुणाला सांगितलं नाही. ते पुस्तक इंग्रजीत होतं, विटेएवढं जाड होतं आणि सांगलीहून आलं होतं. तिन्ही गोष्टी मला खटकल्या, पण सांगली जास्त खटकली.

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. वडूजजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर मी काम करते. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन रांगेला लागतात आणि मी एकेकाच्या दुधाचा नमुना काढून मशीनला लावते. पाणी किती, फॅट किती, साखर घातलीय का, पावडर घातलीय का, हे बघायचं. समोरचा माणूस रोज राम राम घालणारा असला तरी बघायचं. "आवं, काल म्हशीनंच पाणी लय पिलं," असं मला तोंड वर करून सांगणारे आहेत. मी म्हणते, म्हशीनं प्यावं, पण किटलीत का ओतावं. माझं माहेर जत तालुक्यातलं. टँकरच्या पाण्यावर वाढलेली मी. पाणी कुठून कुठं जातं याच्यावर आमची लहानपणापासून नजर असते.

मुलगी माझ्या पोटची नाही. तिची आई ती सहा वर्षांची असताना काविळीने गेली. वर्षभराने मी या घरात आले. नवरा फौजेत हवालदार, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. सासूबाई दिरांबरोबर मळ्यातल्या घरात राहतात. म्हणजे गावातल्या घरात आम्ही दोघीच. मी तिला वेणी घालायचे, डबा द्यायचे, ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायचे. ती सगळं करून घ्यायची आणि मला कशानेच हाक मारायची नाही. आई नाही, मम्मी नाही, काकू नाही. फार तर "आवं". पाच वर्षांत मी "आवं"च्या पुढे सरकले नव्हते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते रोज लागत होतं.

सांगलीला तिची मावशी असते, शाळेत शिकवते. पुस्तकं तीच धाडत होती. सहा भागांची मालिका, जुन्या बाजारातून एकेक भाग मिळेल तसा घेतलेला. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं की मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. तो म्हणाला, "अगं, पुस्तकंच हायत ना? टेन्शन नको घेऊ." सीमेवर उभ्या माणसाला घरात कोण घुसलंय ते कुठून दिसणार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बिजवराशी लग्न झालं की नव्या बायकोच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेली बाईची मूर्ती, बोटाच्या पेराएवढी. गेलेल्या पहिल्या बायकोची ती खूण. हळदकुंकू आधी तिला, नवी साडी आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची. खंडोबालाही दोन बायका होत्या, पण दोघी जिवंत होत्या; भांडता तरी येत होतं. माझी सवत माझ्या गळ्यात होती आणि एक शब्द बोलत नव्हती. वर्षभर मी टाक घातला. मग एकदा केंद्रावर वाकताना दोरा तुटला आणि टाक किटलीत पडला. त्या माणसाने आख्ख्या गावाला सांगितलं की मी त्याच्या दुधात चांदी घातली. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, देवात ठिव." तेव्हापासून टाक देव्हाऱ्यात, खंडोबा आणि भवानीच्या मध्ये. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही मोठ्या माणसांनीच तिला सांगितलं, तुझी आई देवात गेली, रोज नमस्कार कर.

सांगून आम्ही विसरलो. ती विसरली नाही.

पुस्तकात नेमकं काय आहे हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, "गोष्ट हाय." कसली? "देवांची." कुठल्या देवांची? "ग्रीक आन् रोमन." बस. चार शब्दांत माणसाला वाटेला लावायची कला तिला उपजत आहे. मग मी ठरवलं की आपणच बघायचं. ती शाळेला गेली की अकरापासून चारपर्यंत मला वेळ असतो. बारावीला मला इंग्रजीत काठावर पस्तीस होते, पण मोबाइलमध्ये डिक्शनरी होती आणि मनात संशय होता. एवढ्या भांडवलावर मी पहिला भाग उघडला.

पहिली दहा पानं वाचायला मला चार दिवस लागले. एका बंदराच्या गावात एक मुलगी असते. बाप होड्या दुरुस्त करणारा. तिची आई जन्मतःच सोडून गेलेली, आणि पुढे कळतं की ती आई माणूस नव्हतीच, जुन्या देवांपैकी एक देवी होती. म्हणजे मुलगी अर्धी माणसाची, अर्धी देवाची. अशी पोरं गावोगाव असतात आणि त्यांच्या मागे राक्षस लागलेले असतात. देवांना दोन-दोन नावं, एक ग्रीक आणि एक रोमन, आणि नाव बदललं की स्वभावही बदलतो. यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे खंडोबाला सीमेपलीकडचे कानडी लोक मैलार म्हणतात, आणि माझी आजी म्हणायची की मैलार जास्त रागीट. देवांची वागणूक मात्र मला पटली नाही. एकालाही घरसंसाराचं भान नाही. जिथं तिथं पोरं टाकून वर जाऊन बसायचं आणि वरून भांडायचं. आमच्या गावात असा एक माणूस असता तर त्याची किटली मी रांगेतून बाहेर काढली असती.

पण माझं लक्ष देवांवर नव्हतं. पंचेचाळिसाव्या पानावर ती आली. बापाची दुसरी बायको. पाव भाजायची भट्टी चालवणारी, हातावर भाजल्याचे डाग असलेली, कमी बोलणारी बाई. मी सावरून बसले. आता ही राक्षसीण निघणार, हे मला आधीच दिसलं. आपल्या गोष्टींत सावत्र आई काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. परदेशातली तरी वेगळं काय करणार. मुलीला तिचा संशय येतो. या मालिकेत राक्षस माणसाचं रूप घेऊन घरात वावरतात, आणि त्यांचं खरं तोंड फक्त घासून लखलखीत केलेल्या पितळेत दिसतं.

हे वाचलं आणि मला परात आठवली. आठवड्यापूर्वी मुलीने आपण होऊन आमची पितळी परात चिंच लावून घासली होती. तिला कधी ताट उचल म्हटलं तरी दहा वेळा सांगावं लागतं. त्या दिवशी तिने परात घासली, पुसली आणि मी भाकरी थापत होते तिथं समोर भिंतीला टेकवून ठेवली. मग माझ्या मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ. मला वाटलं होतं, भूक लागली असेल.

मला राग आला की हसू आलं, सांगता येत नाही. दोन्ही आलं. त्या संध्याकाळी ती बाहेर गेल्यावर मी परात उचलून स्वतःचं तोंड बघितलं. कडेला जरा वाकडं दिसत होतं.

तिथून आमच्या घरात दोन हेर झाले. ती माझ्यावर, मी तिच्यावर. मी तिसऱ्या भागात होते, ती चौथ्यात. वाचलेल्या पानावर खूण म्हणून मी केंद्राची दुधाची पावती घालायचे, आणि एकदा काढायची विसरले. ताकाला जाऊन भांडं लपवत होते, ते भांडंच पुस्तकात राहिलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पावती होती तिथंच, पण नीट घडी घालून ठेवलेली.  मी ती तशीच ठेवून पुस्तक जागेवर ठेवलं.

चौथ्या भागात पाव भाजणारी बाई मेली. ती राक्षसीण नव्हतीच. मुलीला न्यायला आलेल्या खऱ्या राक्षसासमोर ती दार अडवून उभी राहिली आणि दगड झाली. लेखकाने तिला दीड परिच्छेद दिला. दीड. पुढच्या पानावर मुलगी घोड्यावर बसून आईच्या शोधात निघाली आणि भट्टीवाली बाई परत कुणाला आठवली नाही. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी केंद्रावर अर्ध्या गावाची दुधं परत पाठवली. लोक म्हणाले, बाईला झालंय काय.

याच सुमारास सांगलीचा विषय निघाला. ती दिवाळीला पंधरा दिवस मावशीकडे राहून आली होती, येताना खाकी कागदाचं वेष्टण घातलेले शेवटचे दोन भाग घेऊन. संक्रांत झाली आणि एक दिवस डबा घासताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "जूनपासनं मी सांगलीच्या शाळंत जाणार हाय. मावशी व्हय म्हणाली."

मला सगळं लख्ख दिसलं. पुस्तकं का आली, एकेक करून का आली, त्यात सावत्र आई दगड का होते. बहिणीची मुलगी हळूहळू काढून न्यायची, तीही माझ्याच घरात माझ्याच दिव्याखाली बसवून. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तिला जायचं असंल तर आपुन कसं धरून ठेवायचं?" हे त्याला सोपं होतं. तो आधीच लांब होता. मी या घरात आले ती या पोरीसाठी म्हणून आले नव्हते, हे खरं. पण राहिले होते ती तिच्यामुळेच. ती गेली असती तर मी, चार भिंती आणि एक परात.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी देव उजळायला काढले आणि टाक सापडेना. खंडोबा होता, भवानी होती, मधली जागा रिकामी. मी ताम्हन बघितलं, निर्माल्याची पिशवी उपसली, देव्हारा उचलून खाली बघितलं. पहिला संशय सासूबाईंवर घेतला, मग मावशीवर. चार वाजता मुलगी शाळेतून आली.

"देवातला टाक कुठं हाय?" मी विचारलं.

तिने दप्तर खाली ठेवलं. "टाक न्हाई ते तुमी कवा बघितलं?"

"आत्ता."

"अकरा दिस झालं," ती म्हणाली. तिने कंपासपेटी उघडली आणि पट्टी-कर्कटकाच्या खालून टाक काढून माझ्या हातावर ठेवला.

अकरा दिवस. रोज पहाटे केंद्रावर जायच्या घाईत मी देवांवर पाणी शिंपडत होते, हळदकुंकू लावत होते. माझं बोट रोज त्या रिकाम्या जागेवर टेकत होतं आणि मला कळलं नव्हतं. किटलीभर दुधात वाटीभर पाणी घातलेलं मला कळतं. मी ज्या मुलीची आई व्हायला निघाले होते, तिची आई घरातून अकरा दिवस गायब होती आणि मी राक्षस शोधत होते. मला तिच्याकडे बघवेना.

"का काढलास?" मी शेवटी विचारलं.

मग ती बोलली. पाच वर्षांत बोलली नव्हती एवढं एका दमात बोलली. आई देवात आहे ना? आहे. मग मी अर्धी देवाची. पुस्तकातल्या देवी कुणाच्याही घरी येत नाहीत. ज्या घरात त्यांचा जन्म झाला त्या घरात कुणी वाट बघत बसलं तरच येतात. आईचा जन्म मावशी राहते त्या सांगलीतल्या घरातला. म्हणून तिथं जायचं, टाक घेऊन जायचं आणि वाट बघायची.

म्हणजे मावशीचा काही डाव नव्हता. मुलगी माझ्यापासून पळत नव्हती. माझा त्या हिशेबात विचारच नव्हता, आणि हे मला पळून जाण्यापेक्षा जास्त लागलं.

बारा वर्षांच्या मुलीला हे खरंच वाटत असेल का, असं कुणी विचारेल. मला वाटतं, अर्धं वाटत होतं. आणि उरलेलं अर्धं खरं करून घ्यायची तिची तयारी होती. देव्हाऱ्यात आईला आम्हीच बसवलं होतं. तिने फक्त पुस्तक वाचून पुढचं जुळवलं.

"मग पुस्तकात येती का तिची आई?" मी विचारलं.

"सहावा भाग वाचला न्हाई."

"का?"

"भ्या वाटतंय. तुमी वाचा आधी. तुमी माझं भाग चोरून वाचता मला म्हाईत हाय. आई येते का न्हाई, तेवढंच सांगा. येत असंल तर मी जाते. न्हाई तर न्हाई."

एव्हाना मी इंग्रजीला सरावले होते, सहावा भाग बारा दुपारींत संपवला. खाकी वेष्टण मी जपून धरलं, पानाला हळदीचं बोट लागू दिलं नाही. एवढ्या लक्षपूर्वक मी काही वाचल्याचं मला आठवत नाही. पाचशे पानांत आई येत नव्हती. शंभर पानं राहिली, पन्नास राहिली, आई नाही. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. ती येऊ नये म्हणून मी पान उलटत होते. दहा पानं राहिली. मुलगी सगळी युद्धं जिंकून, दमून, बंदराच्या गावातल्या, आईच्या जन्माच्या त्या जुन्या घरी येऊन उंबऱ्यावर बसते. आणि शेवटून दुसऱ्या पानावर आई आली.

ती रथातून वगैरे आली नाही. पावसात भिजलेल्या साध्या बाईसारखी आली आणि म्हणाली, उशीर झाला, आत येऊ का. मी रडले. माझ्याच सवतीसाठी रडल्यासारखं रडले. मग डोळे पुसले आणि विचार करायला लागले की आता काय सांगायचं.

"येते" म्हटलं तर मुलगी जूनमध्ये जाणार. सांगलीच्या खिडकीत बसणार, महिना, वर्ष, आणि कुणी येणार नाही. मोडून पडेल पोर. म्हणजे "येत नाही" म्हणणं तिच्याच भल्याचं. हे कारण चांगलं होतं. कुणालाही पटलं असतं. पण मी दुसऱ्यांचं दूध तपासते तसं स्वतःचंही तपासू शकते. आधी मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं, आणि ते कारण मला मागाहून सुचलं होतं. ती जाऊ नये, एवढंच त्यात खरं होतं.

संध्याकाळी केंद्रावरून आले. ती अंगणात ओट्यावर बसून गणितं करत होती.

"वाचला," मी म्हणाले. "येत न्हाई."

तिने वहीतून मान वर केली. "शेवटपातूर वाचला?"

"व्हय."

"शेवटच्या पानावर पण न्हाई?"

"न्हाई येत."

ती माझ्याकडे बघत राहिली. रांगेतला माणूस मशीनच्या आकड्याकडे बघतो तसं. मग म्हणाली, "बरं." तिने राहिलेलं गणित सोडवलं, हातपाय धुतले, टाक देव्हाऱ्यात ठेवला आणि मावशीला फोन लावला. "मी न्हाई येत. हितंच ऱ्हाते." फोन ठेवला आणि विचारलं की भाजी काय आहे.

मी जिंकले होते आणि अर्ध्या भाकरीवरून उठले. सहावा भाग मी नवऱ्याच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या वर्दीखाली ठेवून दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या वर्षी कळलं. तिला पुस्तक आठवू नये म्हणून मी तिला नवी पुस्तकं आणून दिली, वडूजच्या वाचनालयात नाव घातलं. ती तीही वाचायची. पण तिने सहावा भाग कधी मागितला नाही. एवढं वेड लागलेली पोरगी शेवटचा भाग मागत नाही? मला आता त्याचाही संशय यायला लागला. तिची नजर ट्रंकेकडे गेली की मी तिला काहीतरी काम सांगायचे. टाक मात्र मी रोज बघायचे. आधी टाक, मग बाकीचे देव.

पुढच्या दिवाळीला नवरा सुट्टीवर आला नाही. मुलगी म्हणाली, "तुमी पण चला सांगलीला." पहिल्यांदाच म्हणाली. म्हणून गेले. स्वयंपाकघरात मी आणि मावशी चकल्या करत होतो, पोरं बाहेर किल्ला करत होती. मावशी माझ्यापेक्षा लहान आहे, मला ताई म्हणते. जिच्यावर मी कित्येक महिने मनातल्या मनात खटला चालवला होता ती बाई माझ्या चकल्या मोडू नयेत म्हणून माझ्यासाठी पिठात तेल घालत होती. बोलता बोलता पुस्तकांचा विषय निघाला.

"शेवटचा भाग घरी न्यायचा हट्ट धरला हुता तिनं गेल्या दिवाळीत," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, अगं, वाचून झालाय ना तुझा, मग कशाला ओझं? दोन दिसात संपवला हुता हितं, त्या खिडकीत बसून. वाचला आन् मग सगळी सुट्टी तितंच बसून हुती. खेळायला सुदिक गेली न्हाई."

माझ्या हातातला सोऱ्या थांबला. मावशीने विचारलं, काय झालं ताई, चटका बसला का? मी म्हटलं, व्हय.

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. ती खिडकीशी होती. तासगाव मागे पडलं. मग मी विचारलं.

"सहावा भाग तू आदीच वाचला व्हतास?"

ती खिडकीबाहेरच बघत होती. "व्हय."

"म्हंजे तुला म्हाईत हुतं. आई येते ते."

"पुस्तकातली येते," ती म्हणाली. "माझी न्हाई आली. पंधरा दिस बसले हुते मी."

"मग परत सांगलीला जाणार कशाला व्हतीस?"

"हितं तरी मला कोण बघत हुतं?"

तिने हे रागाने म्हटलं नाही.  विट्याचा फाटा जवळ आला होता, माणसं पिशव्या सावरत होती. अजून एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारायची मला भीती वाटत होती.

"मग मला का वाचायला लावलंस?"

"तुमी काय सांगता ते बघायला."

"आन् मी खोटं बोलले."

"व्हय." आता तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी कवाच कुणाशी खोटं बोलत न्हाई. मळ्यातल्या काकांनी दूध पातळ आणलं तर त्यांना पण तोंडावर सांगता. मला वाटलं, तुमी सांगणार, येते म्हणून, आन् मी जाणार. तर तुमी खोटं बोलला. मला ठेवायसाठी." ती परत खिडकीकडे वळली. "मग म्हटलं, ऱ्हावं."

गाडी विट्याला थांबली तेव्हा मी पदर तोंडाला लावून बसले होते. कंडक्टरने विचारलं, बाईंना गाडी लागली का? ती म्हणाली, "न्हाई, काय न्हाई झालं," आणि माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.